जावयाला खाली घेऊ नका

रुखमाचं आणि तिच्या जावयाचं कधी भांडण झालं नाही, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. सासूनं जावयासमोर डोईवर पदर घ्यावा, त्याच्या तोंडाकडे सरळ पाहू नये, काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगावं, ही तिच्या सासूची शिकवण. रुखमानं ती इमानेइतबारे पाळली. फक्त पाहू नये एवढं काही तिला जमलं नाही. स्वयंपाकखोलीच्या दाराआडून, पदराच्या काठाखालून ती योगेंद्रला इतकं पाहायची, की त्याच्या सख्ख्या आईनंही तेवढं पाहिलं नसेल. मायेनं नव्हे, बाप्पा. नावं ठेवायला.

आणि नावं ठेवायला जागा भरपूर होती. माणूस पोटानं मोठा, तोंडानं मुका. विचारलं तर ‘हाव’, नाही विचारलं तर तेही नाही. एसटीत ड्रायव्हर होता, म्हणून रुखमाच्या सासरच्यांनी त्याला डोक्यावर घेतलेला. तिचा दीर कैलाश तर ‘आमचे सरकारी जवाई’ असं म्हणायचा, जसं काही ती नोकरी त्यानंच बाजारातून निवडून आणली होती. रुखमा मनात म्हणायची, गाडी सरकारची, डिझेल सरकारचं, रस्ता सरळ. यात यानं काय केलं? नुसतं बसून तर राहतो. धानाच्या रोवणीला बायका चिखलात वाकल्या, की ती जावयाच्या नकला करून दाखवायची. बायका हसून हसून बांधावर बसायच्या. लेकीला, अंजूला, हे ठाऊक होतं आणि ती आईवर फुगलेली असायची.

यंदा अधिक महिना आला तो नेमका नवतपात, उन्हाळ्याच्या त्या नऊ भाजक्या दिवसांत. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा फांदीवर चोच उघडी टाकून बसलेला. पण अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. आणि रीतीला काही घाम येत नाही. अंजू आणि योगेंद्र शहापूरहून मोटारसायकलवर आले, तेव्हा दोघांची तोंडं तव्यावरून उतरवल्यासारखी झाली होती. रुखमाचा नवरा जागेश्वर म्हणाला, “आधी सरबत घ्या, बसा.” पण तेवढ्यात कृष्णराव गुरुजी आले.

कृष्णराव गुरुजी म्हणजे जागेश्वरचे चुलते, निवृत्त हेडमास्तर. निवृत्त झाले ते शाळेतून. बाकी गावाचे ते अजून हेडमास्तरच होते. “पूजेच्या आधी पोटात काही नाही,” त्यांनी जाहीर केलं. “उपाशी पोटीच वाणाचं पुण्य लागते.” पुण्य कोणाला लागणार आणि पोट कोणाचं उपाशी राहणार, हे त्यांनी सोयीनं वाटून घेतलं होतं. स्वतः ते घरून पोहे खाऊन आले होते. मिशीत एक पोहा होता. रुखमाला दारातून दिसला.

तर जावयाला पाटावर उभं केलं. अंगावर आहेराचा नवा टेरिकॉटचा सफारी, त्यावर शाल, डोक्यावर टोपी, गळ्यात झेंडूचा हार. शेजारी अंजू, तिला निदान पदरानं वारा घेता येत होता. समोर परातीत पाय. पाय धुणारा जागेश्वर, मंत्र म्हणणारे गुरुजी, आणि मोबाइल घेऊन कैलाश. “जवाईबापू, हलू नका. हाललं का व्हिडिओ खराब होते.”

मंत्र सुरू झाले आणि लाईन गेली. कूलर घरघरून बंद पडला. खोलीत माणसांचा आणि उदबत्तीचा वास नुसता साचला. कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, आटपा. गुरुजींनी मात्र पोथी मिटली आणि जावयाचं महत्त्व यावर भाषण सुरू केलं.

रुखमा दाराआड उभी होती. हातात बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, वड्यांची चाळणी. योगेंद्रनं जांभई दिली. ‘द्या, द्या,’ ती मनात म्हणाली, ‘सासरी येऊन जांभया द्या.’ त्यानं दुसरी दिली. मग त्याचे ओठ पेजेच्या पाण्यासारखे पांढरे झाले. कपाळावर घाम होताच, तो आता वरच्या ओठावर आला, मानेवर आला. तो आवंढे गिळू लागला. उजवा हात मागे गेला आणि भिंत चाचपू लागला. भिंत बोटभर लांब होती. ‘काय शोधून राहिला, खुंटी?’ रुखमाच्या मनात आलं, आणि तेवढ्यात त्याची नजर विझली. माणूस उभ्याचा उभा दुमडला.

“धरा! धरा!”

धरला. कैलाशनं एका काखेत, शेजारच्या दोघांनी दुसऱ्या काखेत. जागेश्वर परातीतले ओले हात घेऊन उठला आणि म्हणाला, “अरे, खाली घ्या त्याईले, खाली घ्या.”

“खाली घेऊ नका!” गुरुजी असे ओरडले की बाहेरची कोंबडी उडाली. “अक्कल आहे का जागेश्वर? शुभ कार्यात जवायाले खाली घेतेत?”

आता हे नीट समजून घ्यायला पाहिजे. आमच्याकडे ‘खाली घेतलं’ हे ऊठसूट कोणाबद्दलही म्हणत नाहीत. बाजेवरच्या माणसाची शेवटची घटका आली, की त्याला उचलून शेणानं सारवलेल्या भुईवर ठेवतात, तोंडात तुळशीचं पान घालतात, तेव्हा म्हणतात, ‘खाली घेतलं’. तो शब्द वाणाच्या दिवशी, अनारशांसमोर, सरकारी जावयाच्या बाबतीत उच्चारला गेला म्हणताच बायकांनी तोंडाला पदर लावले. जागेश्वर बिचारा ओशाळून मागे सरला. प्लास्टिकची खुर्ची आली. योगेंद्रला तिच्यात कोंबलं आणि सहा हातांनी ताठ धरून ठेवलं. एकानं कॉलर धरली, एकानं केस. मान लोळत होती, ती कैलाशनं दोन्ही हातांनी देवाच्या मूर्तीसारखी सरळ केली.

आणि मग खुर्चीतल्या त्या देहाला झटके आले. दोनचारच, पण आले. हात उडाले, पाय परातीला लागून पाणी सांडलं.

“मिरगी!” कोणीतरी म्हणालं, आणि एकदा तो शब्द निघाला म्हटल्यावर पुढचं सगळ्यांना पाठच होतं. चप्पल हुंगवा! कैलाशनं दारातली एक झिजलेली चप्पल उचलून आणली, तर गुरुजींनी त्याचा हात वरच्या वर धरला. “जवायाले जुनी चप्पल? तेही तुही? लाज वाटत नाही?” मग कोणाची चप्पल जावयाच्या नाकाला शोभेल, यावर तिथल्या तिथं सभा भरली. मेहुण्याची चालेल का, सासऱ्याची चालेल का. जावई तोवर पांढराफटक होऊन खुर्चीत. शेवटी निकाल लागला: आहेराचा नवा जोडा. भंडाऱ्याहून आणलेला, डब्यातला, कागदात गुंडाळलेला. कागद काढला, जोडा नाकाला लावला. काही होईना. “नव्याले वास नाही येत,” एक म्हातारी हळहळली. कोणी तोंडात पाणी ओतलं, ते नाकातून बाहेर आलं. कोणी कांदा फोडायला गेलं. अंजू रडून राहिली होती.

रुखमा दारातच. वड्यांची चाळणी हातात. इतकी शहाणी माणसं एका खोलीत तिनं पूर्वी पाहिली नव्हती.

खुर्चीला आधीच तडा होता, तिचा पाय अखेर मोडला. कोणालाच जे सुचलं नाही ते खुर्चीनं केलं. जावई, खुर्ची, कैलाश असे सगळे एकदम भुईवर आले; योगेंद्रचं कपाळ पाटाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि तो आडवा झाला. आडवा झाला, आणि चार श्वासांत तोंडावर रंग आला. डोळे उघडले. “काय झालं?” म्हणाला. मग सासऱ्याकडे पाहून, “मामाजी, तुमचं धोतर ओलं झालं.”

“पाहा,” गुरुजी जोडा उंच धरून म्हणाले, “लागला गुण!”

कपाळातून रक्त भळभळ येत होतं. सगळे जोड्याचं कौतुक करत होते, म्हणून रुखमाच पुढे झाली. डोईवरचा पदर काढून तिनं त्याच्या कपाळावर दाबला. तो पदर मग निघेना; काढला की रक्त. असं सासूचं आणि जावयाचं एकाच पदरात बांधून मोहाडीच्या सरकारी दवाखान्यात जाणं झालं.

कैलाशच्या गाडीत अंजूनं सगळ्यांना पढवलं. “खुर्ची मोडली म्हणून पडले, एवढंच सांगा. बाकी काही नाई. मिरगीचं डेपोत कळलं त कोण देईन यांच्या हाती गाडी? उद्यापासून घरी बसवतीन. ऐकून राहिली न आई? तू त तोंडच उघडू नको.”

“मी कुठं बोलते,” रुखमा गाडीच्या काचेला म्हणाली.  योगेंद्रचा हात मांडीवर अशा रीतीनं ठेवलेला की जणू गिअर धरलाय.

दवाखान्यात डॉक्टर रत्नमाला गजभिये होत्या. नाकाला रुमाल, सर्दी झालेली, नवतपात सर्दी झाल्याबद्दल स्वतःवरच चिडलेल्या. टाके घालता घालता त्यांनी विचारलं, “कसं लागलं?”

“खुर्ची मोडली,” अंजू म्हणाली.

“खुर्ची मोडली,” कैलाश म्हणाला.

“फार निकृष्ट दर्जाची खुर्ची,” गुरुजी म्हणाले.

डॉक्टरांनी योगेंद्रच्या गळ्यातला चुरगळलेला हार पाहिला, ओला सफारी पाहिला. “वाण होतं ना आज? माह्या माहेरी नाई करत, पण शेजारी पाहतच वाढली मी. पाय धुताना माणूस पाटावर उभा राहते. खुर्चीत कायले बसवलं?”

 गुरुजींना खोटं फार वेळ सांभाळता येत नसे. त्यात त्यांचं कर्तृत्व झाकलं जायचं. “मिरगी आली होती, मॅडम. पण जोडा हुंगवला आणि जागेवर गुण आला.”

“कोणता जोडा?”

“नवीन. डब्यातला.”

“मंग त बरंच केलं. जुना असता त इन्फेक्शन झालं असतं.” डॉक्टर शिंकल्या. नर्सला सांगून त्यांनी योगेंद्रच्या छातीला, हातापायाला तारा लावायला लावल्या. “आता मले एक सांगा. पडायच्या आधी यांचं तोंड कोणी पाहिलं? जोडा नाई, तोंड.”

आणि इथं सगळ्या शहाण्यांची पंचाईत झाली. गुरुजी स्वतःच्या भाषणात रंगले होते. जागेश्वर पायांकडे पाहत होता. अंजू साडीच्या निऱ्या परातीत भिजू नयेत म्हणून खाली पाहत होती. “माह्याजवळ व्हिडिओ आहे ना!” कैलाश म्हणाला. व्हिडिओ लावला. पाय दिसले, परात दिसली, मग कैलाशचा अंगठा, मग बराच वेळ छताचा बंद पंखा. आवाज मात्र लख्ख होता: ‘खाली घेऊ नका! खाली घेऊ नका!’

डॉक्टरांनी मोबाइल परत दिला. “उभं धरून ठेवलं?”

“खुर्चीत, मॅडम. सन्मानानं.”

“घेरी येते तेव्हा डोक्याले रक्त पोचत नाई. म्हणून माणूस पडते. पडला का आडवा होते, रक्त पोचते, शुद्ध येते. देहाले तेवढी अक्कल आहे. तुमी सन्मानानं ताठ धरला, म्हणून त्याले झटके आले. आडवं करून पाय उंच धरले असते त एवढ्यात उठून वडे खाल्ले असते यांनी. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कोणी टाकलं?” कोणीच टाकलं नव्हतं. “पण ही घेरीच, का दुसरं काही, हे मले आधीचं कळल्याशिवाय नाई सांगता येत. या बाई कोण?”

“सासू आहे,” कैलाश म्हणाला. “ती कायची पाहते? सासू जवायाच्या तोंडाकडे पाहत नसते.”

रुखमा भिंतीकडे वळली. भिंतीवर डेंग्यूच्या डासाचं मोठं चित्र होतं. त्या डासाला ती म्हणाली, “आधी दोन जांभया दिल्या. मंग ओठ पांढरे झाले पेजेसारखे. घाम आला, इथी, अन् मानेले. थुका गिळून राहिले होते. हातानं भिंत शोधली. मंग पडले. उठले तेव्हा पहिले माह्या नवऱ्याचं धोतर पाहिलं, मंजे शुद्धीत होते. जीभ नाई चावली.”

 अंजू आईकडे पाहत राहिली.

“वा,” डॉक्टर म्हणाल्या, “एवढं बारीक कोणी पाहते? फार जीव दिसते जवायावर.”

रुखमानं डासाची नजर चुकवली.

“हे घेरीचं लक्षण आहे. उपाशी, उन्हातून आलेले, उभे ठेवलेले. मिरगी नाई.”

अंजूनं देवाला हात जोडले. कैलाश म्हणाला की त्याला आधीच वाटलं होतं. गुरुजींनी मिरगी नसली तरी जोड्यानं अपाय काही झाला नाही, असा मुद्दा मांडला. सगळे उठायच्या बेतात होते. पण डॉक्टर उठल्या नाहीत. यंत्रातून निघालेला कागद त्यांनी हातात धरला होता, आणि त्या तो वाचून झाला तरी पाहत होत्या.

“याच्या आधी कधी असं झालं?”

“कधीच नाई,” अंजू म्हणाली.

“उभ्यानं नाई म्हणत मी. बसल्या बसल्या, बोलता बोलता, जेवता जेवता? काही चाहूल न लागता?”

“नाई जी,” योगेंद्र म्हणाला. छताकडे पाहून म्हणाला.

 जेवता जेवता म्हणताच रुखमाला आठवली ती तिची सगळ्यात गाजलेली नक्कल. उन्हाळी धानाच्या रोवणीला सांगितलेली, धान कापताना सांगितलेली, बाजाराच्या गर्दीत ऑटोत सांगितलेली. अंजूच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण तिनं आईच्या दंडाला असा चिमटा घेतला की नख रुतलं. डोळे म्हणत होते, आई, पाया पडते.

मिरगी गेली होती. नोकरी हातात परत आली होती. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि सासूनं जावयापुढे गप्प बसावं ही तर रीतच. रुखमानं लेकीकडे पाहिलं. मग त्या बाकावरच्या मोठ्या पोटाच्या मुक्या माणसाकडे. त्याच्या मागे तिला उगाच एसटीचे बाक दिसले: टोपल्या घेतलेल्या बायका, शाळेच्या पोरी, मांडीवर लेकरं. आणि पुढे हा.

ती डासाकडून वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा जावयासमोर तोंड करून उभी राहिली.

“दिवाळीत,” ती म्हणाली, “जेवाले बसले होते.” दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगायचं तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं नेहमीसारखीच नक्कल केली, पोट पुढे काढलं, बोटांत हवेचा घास धरला. “‘मामाजी, यंदा धान’ एवढं म्हणाले, अन् ‘धान’ म्हणता म्हणता तोंड वरणात! धप्पकन. ह्यांनी म्हटलं, थकले बिचारे, रातची ड्युटी होती. मी म्हटलं, जेवता जेवता झोपणारा जवाई पाहिला बाप्पा. मंग तोंड वर केलं, नाकाले डाळ, अन् म्हणतेत कसे, ‘कसं झालं?’ जसं का मधात काही झालंच नाई.”

इथं बायका हसायच्या. नाकाच्या डाळीवर तर हमखास. आज कोणी हसलं नाही. रुखमाचं काढलेलं पोट तिचं तिलाच कळेना कसं आत घ्यावं.

“जांभई दिली होती?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाई.”

“घाम? ओठ पांढरे?”

“काहीच नाई. घास हातातच होता. दिवा जावा अन् यावा, तसं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “आजची घेरी साधीच आहे. पण ती आली म्हणून हे सापडलं. हा कागद पाहा, काही कळणार नाई, तरी पाहा. हृदयाची लाईन आहे ना, तिची तार ढिली दिसते, ती मधात मधात जात असन. जास्त वेळ गेली त माणूस जाईन.” त्या योगेंद्रकडे वळल्या. “किती वेळा झालं? खरं सांगा. सासूपुढं लाजू नका.”

योगेंद्रनं छातीवरची तार बोटानं चाचपली. “अजून दोनदा,” तो म्हणाला. “एकदा डेपोत. चहा पीत होतो.”

“गाडीवर?”

“नाई जी. गाडीवर अजून नाई.”

‘अजून’ म्हटल्यावर अंजूनं तोंडावर हात दाबला. तिला त्या दोन वेळांचं एक अक्षर माहीत नव्हतं.

पुढचं भराभर झालं. स्टेअरिंग बंद, आजपासून. नागपूरला मोठ्या दवाखान्यात, आजच, ॲम्ब्युलन्सनं. पेसमेकर म्हणून काही बसवावं लागेल, बहुतेक. तो बसल्यावर गाडीचं काय, ते तिथले डॉक्टर ठरवतील. इथून कोणी वचन देऊ नका. सोबत एकच माणूस बसेल. गुरुजींनी उपरणं सारखं केलं, कारण एकच माणूस म्हणजे कोण हा प्रश्न त्यांना कधी पडत नसे.

“तुमी नाई,” डॉक्टर म्हणाल्या. “तिथं पुन्हा विचारतीन, काय पाहिलं. ज्यानं पाहिलं ते जाईन. मावशी, तुमी.”

अंजू आईला दारात आडवी आली. “तुह्या जिभेनं माह्या घराची भाकर खाल्ली,” ती म्हणाली. “साऱ्या गावाले हसवून झालं, आता इथी बी सांगितलं.”

“हसवलं ते चुकलं,” रुखमा म्हणाली. “सांगितलं ते नाई. तू मागून भाऊजीच्या गाडीत ये. अन् काही खाऊन घे, उपाशी पोटी आणखी तू नको पडू.”

ॲम्ब्युलन्समध्ये योगेंद्र आडवा, छातीला तारा, डोक्याशी एक छोटं यंत्र टिकटिक करणारं. एक तरुण ब्रदर होता. तो म्हणाला, “मावशी, मी मशीन पाहतो, तुमी पेशंट पाहा. तोंडावरून नजर हलवू नका. अन् बोलत राहा, म्हणजे जागे आहेत का कळते.”

जावयाशी बोलायचं काय? गाडी भंडाऱ्याच्या पुढे लागेतो दोघंही मुके होते. मग रुखमानं पदर मागे ढकलला. एकच गोष्ट तिला येत होती.

“काय जी जवाईबापू,” ती म्हणाली, “लाज नाई वाटली? दोनदा पडले, अन् बायकोले सांगितलं नाई. पन्नास लोकं घेऊन हिंडता. कोणाच्या भरवशावर? पोट एवढं मोठं, अन् त्यातली एवढीशी गोष्ट नाई काढता आली बाहेर?”

योगेंद्रनं तिच्याकडे पाहिलं. एवढ्या जवळून सासूचं तोंड त्यानंही पाहिलं नव्हतं. “मामी,” तो म्हणाला, “गाडी सुटली त मले येते काय दुसरं? डेपोत फाटकावर बसवतीन. लोक म्हणतीन...”

“लोकाईचं मले सांगू नका. लोक मी पाहिले आज. फाटकावरचा माणूस जेवत नाई काय? लग्न माह्या पोरीनं गाडीसंग नाई केलं. अन् काहून हो, डोळे काहून ओले करता? ड्रायव्हर माणूस. आमच्याकडे तर आमचे सरकारी जवाई म्हणून पेढे...”

“शहापूर आलं,” तो खिडकीकडे पाहून म्हणाला. “आपला थांबा. मी इथी हार्न...”

आणि गेला. डोळे उघडे, तोंड ‘हार्न’वर उघडं, पण आत कोणी नाही. रुखमानं ते पाहिलं, यंत्र ओरडायच्या आधी पाहिलं, आणि “अरे पोरा!” म्हणून ब्रदरचा शर्ट ओढला. पडद्यावरची रेघ सरळ पडली होती. ब्रदरनं छातीवर हात ठेवून दाब द्यायला सुरुवात केली, एकदा, दोनदा. ड्रायव्हरला ओरडून काही सांगितलं. रुखमानं काही केलं नाही. तिनं फक्त जावयाचा हात धरला आणि तोंडावरची नजर हलू दिली नाही.

रेघ हलली. मग उडी मारली. मग पुन्हा टिकटिक.

यंत्रातून कागदाची लांब पट्टी बाहेर आली. ब्रदरनं ती घामेजल्या हातानं फाडून नीट घडी केली. “पकडलं,” तो म्हणाला, “हेच दिसत नव्हतं डॉक्टरांना. आता तिथं गेल्या गेल्या आत घेतील.” आणि त्यानं छातीवर दोन चिकट पट्ट्या अजून लावल्या, पुन्हा गेलंच तर म्हणून.

योगेंद्रनं डोळे मिचकावले. आपला हात सासूच्या हातात आहे हे त्याला दिसलं. त्यानं तो सोडवून घेतला नाही, कारण सोडवता येईल असा तो धरलेलाच नव्हता.

“काय म्हणून राहिल्या होत्या, मामी?”

“म्हणून काय राहीन,” रुखमा म्हणाली, आणि तिनं आवाज चढवला. “शिव्या देऊन राहिली होती. मधातच तुमी ऐकणं सोडून दिलं. आता चूपचाप पडा, डोळे माह्याकडे ठेवा, अन् पहिल्यापासून ऐका.”

मौदा येईपर्यंत तिनं त्याच्या पोटापासून सुरुवात करून त्याच्या बापाच्या हेकटपणापर्यंत मजल मारली होती. मधूनमधून तो “हाव” म्हणत होता. आणि ज्या ज्या वेळी ‘हाव’ यायला जरा उशीर झाला, त्या त्या वेळी रुखमा त्याच्या हाताला झटका देऊन, भर गाडीत, ब्रदरसमोर, जोरात विचारत होती, “काय जी? ऐकून राहिले ना?”